वरची पायरी

ओहायोतल्या आमच्या गावी थिएटर एकच, नाव पॅलेस.
छत गळायचं. सातव्या रांगेत एक बादली कायमची;
तिचंही तिकीट काढलंय, म्हणायचे मिस्टर प्रोकॉप.
मी सोळाचा, वर मशीनच्या खोलीत त्यांच्या हाताखाली:
रिळं वाहायची, गुंडाळायची, तुटली की जोडायची.

त्या हिवाळ्याच्या तोंडावर पोलादाची भट्टी विझली,
आणि डिसेंबरात तो सिनेमा लागला. सहा आठवडे.

गोष्ट म्हणाल तर काहीच नव्हती.
एक शाळा, जिथे कुणी अभ्यास करत नाही,
एक मुलगी, जिच्याकडे कुणी बघत नाही,
आणि शेवटून दुसऱ्या रिळात
हिरवा झगा घालून ती जिना उतरते
आणि सगळे बघतात.
एवढंच.
एवढ्यासाठी गावातली झाडून सगळी पोरं बर्फात रांगेत,
उघड्या कानांनी,
कारण त्यातला पोरगा टोपी घालत नाही.

पहिले चार खेळ मी पडदा पाहिला.
मग भिंतीतल्या चौकोनी भोकातून
खालची तोंडं बघू लागलो.
उजेड बदलेल तसे बदलणारे गाल,
आणि सगळ्यांचे ओठ हलताहेत
पडद्याच्या अर्धा क्षण आधीच.
चर्चमध्ये इतकं पाठ कधी नसायचं कुणाला.
प्रोकॉप सिगारेट विझवत म्हणाले,
‘यांना ना पोरगी हवीय, ना पोरगा.
यांना कॅमेरा हवाय.’

सोमवारी शाळेत तोच खेळ, बिनरिळाचा.
डेनी युरिक लॉकरला खांदा टेकून उभा राहायला शिकला.
दार बिजागरीतून निखळलेलं. दोनदा पडला,
दोनदा पुन्हा तसाच टेकला.
कॉन्स्टन्स बॅबिक घरच्या कात्रीने
केस कानापर्यंत कापून आली;
आईने आठवडाभर अबोला धरला.
मीही एकदा दारात थांबून, मान वळवून
बापाला ऐकवलं:
‘तुम्हाला कधी कळणारच नाही.’
सिनेमात यावर बाप गप्प होतो, खिडकीशी जातो.
माझ्या बापाचे संवाद पाठ नव्हते.
तो म्हणाला, ‘काय कळणार नाही?’
आणि हातातला चमचा खाली ठेवून
खरंच वाट बघत राहिला.
मला पुढचं वाक्य कुणी लिहून दिलं नव्हतं.

मे महिन्यात शाळेचा नाच, युनियनच्या हॉलवर.
कॉन्स्टन्सच्या घराला आतून जिना नव्हता.
होता तो बाहेरून, मागे, लाकडी,
कोळशाच्या कोठीला लागून.
त्याच्या वरच्या पायरीवर ती थांबली.
मावशीच्या पडद्यांचा हिरवा झगा.
हनुवटी जराशी वर. मोजून अर्धा क्षण.
खाली मी, डेनी, आणि तिचे वडील,
अंगात कामावरचा कोट,
काम सुटून सात महिने.
आम्ही दोघं बघत होतो, शिकवल्याबरहुकूम.
वडील तिच्याकडे बघतच नव्हते.
खालून तिसऱ्या पायरीचा खिळा उचकटला होता;
ती फळी त्यांनी बुटाने दाबून धरली होती,
आणि कठडा दोन्ही हातांनी.
‘सावकाश,’ एवढंच म्हणाले.

सिनेमात हे नव्हतं.
असतं तर कापलं असतं.

पॅलेसच्या जागी आता गाड्या उभ्या राहतात.
गेल्या वर्षी कॉन्स्टन्स कोर्टात भेटली,
कसल्याशा घरपट्टीच्या कामाला.
केस कानापर्यंतच, आता पांढरे.
म्हटलं, ‘अजून त्या सिनेमातलेच?’
‘कोणता सिनेमा?’ ती म्हणाली.
मी सांगू लागलो: शाळा, मुलगी, हिरवा झगा.
तिला खरंच आठवेना. उगाच आठवल्यासारखं हसली,
माझं मन राखायला.

मग आम्ही बाहेर आलो.
वरच्या पायरीवर ती थांबली.
अर्धा क्षण. हनुवटी जराशी वर.
रस्त्यावर बघायला कुणी नव्हतं.

मी दोन पायऱ्या पुढे उतरलो होतो;
आणि का कोण जाणे,
कठड्याला हात लावून पाहिला,
हलतोय का.