एकतिसावी सुई

महिन्याच्या तीस सुया लागतात मला इन्शुलिनच्या,
मी एकतीस मागतो.
सित्र्याच्या फार्मसीतली शायनी विचारते, दिवस तीसच ना?
मी म्हणतो, पेनालाही लागते एक.
ती हसत नाही. बिलात वाढवते.

पेन मनामाच्या जुन्या बाजारातलं,
हाजी मुर्तझांच्या दुकानातलं,
सोबत सहा कार्ट्रिजांची डबी.
पाच रिकामी झाली तशी फेकली,
तिशीत माणूस काहीही फेकतो.
मग हाजींचं शटर उतरलं,
तिथे मोबाइलची कव्हरं लटकू लागली,
आणि सहावं कार्ट्रिज
गेली नऊ वर्षं सहावंच आहे.

शुक्रवारी दुपारी
खोलीतले बाकीचे नमाजाला नाहीतर झोपेला गेले
की मी कालचा पेपर अंथरतो.
कार्ट्रिज कोमट पाण्याने धुतो, उजेडाकडे धरतो, हलवतो.
आतली बारीक गोळी टिकटिकते.
दौतीत सुई, दट्ट्या सावकाश मागे,
ऐंशीच्या रेघेपर्यंत.
घाई केली की बुडबुडा येतो.
पोटाला वीस, पेनाला ऐंशी.
माझ्याहून त्याचा डोस मोठा
आणि पथ्य काही नाही.
एसीत शाई घट्ट होते, म्हणून आठवड्याच्या मध्यावर
पाण्याचा एक थेंब. बस.

कोल्ड स्टोअरच्या गेटवर मी टाइमकीपर.
रजिस्टर गेलं, अंगठा घेणारं यंत्र आलं.
आता या पेनाने एकच लिहायचं उरलं,
साखरेची वही.
तारीख, उपाशीपोटी, जेवणानंतर.
१३२. १२८. १३५.
पानं अशी, जसा हुशार मुलाचा गृहपाठ.

मार्चमध्ये डॉक्टर बुदूरनी वही उलटसुलट केली,
दिव्याखाली तिरकी धरली,
आणि त्यांच्या मोडक्या हिंदीत म्हणाल्या,
मिस्टर तिरोडकर, तुम्हीच सांगितलं होतंत ना हौसेने,
शुक्रवारी भरता, तेव्हा गडद,
मग पाणी पडलं की फिकट?
तर मग हा अख्खा महिना
एकाच शुक्रवारचा कसा?

मी म्हणालो, शाई चांगल्या कंपनीची आहे.
पट्ट्यांचा डबा सात दिनारांना येतो
हे नाही म्हणालो.
त्यांनी खाली नुसती तारीख घातली,
बॉलपेनने.

एप्रिलच्या शेवटच्या रात्री मी शहाणा झालो.
तीन बश्या घेतल्या.
पहिलीत शाई तशीच, दुसरीत दोन थेंब पाणी, तिसरीत पाच.
आठवड्याला एक छटा, मध्ये एक जुना डाग मुद्दाम.
परीक्षेतसुद्धा एवढी अक्कल चालवली नव्हती कधी.
सतरा तारखेपर्यंत आलो.
कार्ट्रिज परत बसवायला दाबलं
आणि नऊ वर्षं सैल होत आलेलं त्याचं तोंड
एकदम फाटलं.

तळहात निळा. मनगट निळं. पोळीचा डबा निळा.
गोळी घरंगळत कॉटखाली गेली,
वरच्या कॉटवरचा लतीफ झोपेतच बोलला, क्या गिरा?
काही नाही म्हटलं.

साबणाने दोनदा धुतलं, बोटं काही गोरी होईनात.
मग का कोण जाणे,
मीटर काढलं, डब्यातली एकुलती पट्टी लावली,
निळ्या बोटाला टोचलं.
थेंब मात्र लालच आला.
मला क्षणभर त्याचंच नवल वाटलं.

पाच आकडे मोजून झाले.
२८६.

कार्ट्रिज गेलं तरी निबच्या पाठीमागे
एका ओळीपुरती शाई अडकून असते,
हे भरणाऱ्यालाच ठाऊक.
सतरापर्यंतची पानं फाडली नाहीत,
त्यांच्यावर एक आडवी रेघ ओढली.
खाली तीस तारीख घातली, आकडा घातला.
शेवटचा सहा
जरा कोरडाच उमटला.