पेडल

आईच्या पायाखाली शिलाई मशीनचं पेडल होतं,
माझ्या पायाखाली ऐकण्याचं.
चवडा दाबला की आवाज पुढे,
टाच टेकवली की चार सेकंद मागे.
बिबवेवाडीत, बँकेच्या वरच्या मजल्यावर,
रात्री साडेनऊ ते सहा
ओहायोतल्या एका हॉस्पिटलातली दुखणी
मी कानांनी घेते, बोटांनी उतरवते.

लेगॉसहून आलेला डॉक्टर
प्रत्येक अक्षराला सारखंच माप घालतो,
दूधवाल्यासारखं, पण वरची धार न सोडता.
ग्लासगोच्या बाईंचा र एकदा सुटला
की थांबेपर्यंत माझं पुढचं वाक्य हुकतं.
टेक्ससचे आजोबा एकतारी पाक बघावा
तसा शब्द चिमटीत ओढून बघतात.
आणि ऑकलंडचा तो पोरगा,
त्याच्या तोंडात बेडचं बिड होतं, लेफ्टचं लिफ्ट.

एका रात्री मी सात वेळा मागे गेले.
लिफ्ट लिग.
सकाळी आठला कापायचा होता तो पाय.
डोळे मिटून रोजचा रिक्षावाला आठवला,
"ताई, पुढनं लेफ्ट मारू ना?"
हो, मार, म्हटलं मनात.
आणि टाइप केलं.
मग घरी येऊन झोप लागली नाही ती वेगळी गोष्ट.

शाळेत पिंगळेबाई सांगायच्या,
व्ही म्हणताना ओठ चावायचा,
डब्ल्यूला चंबू करायचा.
बेचाळीस मुलींचे बेचाळीस चंबू,
खिडकीबाहेर शिपाई हसून हसून बेजार.
खरं इंग्रजी एकच, बाकी सगळं मोडकं, असं बाईंचं मत.
बाई, माझ्या फोल्डरमध्ये अकरा आहेत,
सगळी मोडकी,
आणि त्यांच्या हातचे टाके मात्र सरळ येतात.

परवा नवा आवाज आला.
नाव नसतं, नुसता नंबर. चारशे सतरा.
गुळगुळीत अमेरिकन, कुठे खडा लागेना.
मध्येच एक्स-रे सापडेना त्याला,
कागदांची खसखस झाली,
आणि त्या खसखशीत, खालच्या आवाजात,
"म्हंजे..."
लगेच खाकरून, "आय मीन."

माझी टाच टेकली.
चार सेकंद मागे. म्हंजे.
पुन्हा मागे.
शेपूट लांबवलेलं, आमच्याकडे लांबवतात तस्सं.
कोणाचा असेल? किती वर्षांचा गेलेला?
शेजारून फरझाना म्हणाली, "काय गं, एकटीच हसतेस?"

कुलथे सरांचा नियम भिंतीवरच आहे:
इंग्रजी नसेल ते लिहायचं नाही.
रेघ ओढायची, वेळ टाकायची.

मी रेघ ओढली.
दोन मिनिटं एकेचाळीस सेकंद, अस्पष्ट.
त्या रात्रीत पहिल्या झटक्यात कळलेला
तेवढा एकच शब्द होता.

मग टाच उचलली.
गुडघा उजवा होता.