अधिक-उणे

भोसरीच्या शेडमध्ये मी शाफ्ट मोजते.
पंचवीस मिलिमीटर, अधिक-उणे वीस मायक्रॉन.
ड्रॉइंगवर तसं छापलेलंच असतं,
कुणा शहाण्या माणसाने आधीच कबूल केलेलं
की लोखंड आहे, थोडं इकडे तिकडे होणार.
मी शिक्का मारते. पास.
दिवसाला तीनशे नग. हात अडत नाही.

अडतो तो घरी, दापोडीत.
सहा चाळीसची बस,
आणि मी सव्वासहापासून कुलपापाशी.
ओढून पाहिलं. लागलंय.
पण एकदा ओढणं म्हणजे काय मोजणं झालं?
तीनदा.
तिसऱ्यांदा ओढताना मनात भलतंच आलं,
म्हणून ते धरायचं नाही,
पुन्हा पहिल्यापासून.
समोरचे ढमढेरे पेपर उचलायला येतात,
"लागलंय हो, ताई," म्हणतात.
त्यांच्या म्हणण्याचं मी काय करू?
त्यांच्याकडे कॅलिब्रेशनचा दाखला आहे का?

सासूबाई पाहुण्यांना माझे डबे दाखवतात.
सगळी लेबलं एका ओळीत.
"आमच्या सुनेच्या हाताला वळण आहे."
रात्री साडेबाराला त्या झोपलेल्या असतात
आणि मी मोहरीच्या डब्यासमोर,
सूतभर डावीकडे, सूतभर उजवीकडे,
पायांना मुंग्या,
आत बसलेला एक साहेब सही करत नाही.
काय हवंय तेही सांगत नाही.
नुसतं म्हणतो, अजून नाही.

शाल्मली तिसरीत आहे.
वहीत ळ काढत होती.
ळ अवघडच, त्याची दोन पोटं सारखी येत नाहीत.
काढला. खोडला. काढला. खोडला.
मी गवार निवडत होते, खोडरबराचा आवाज थांबेना.
जाऊन पाहिलं तर कागदाला भोक,
आणि भोकातून उद्याचं पान दिसत होतं.
रडत नव्हती.
ओठ आवळून बसली होती, माझ्यासारखे.
मी तिला हे शिकवलं नव्हतं.
ती फक्त त्याच घरात राहत होती.

नळस्टॉपजवळ, दुसऱ्या मजल्यावर, डॉक्टर आगटे.
त्यांनी गृहपाठ दिला:
रोज एक गोष्ट चुकवायची. मुद्दाम.
आणि दुरुस्त न करता तिच्याशेजारी बसायचं.
"धडधडेल. मग उतरेल, ताप उतरतो तसं.
किती वेळात ते सांगत नाही,
तुम्ही घड्याळ लावाल."

हळदीचं लेबल भिंतीकडे केलं.
घड्याळ लावलंच.
एक्केचाळीस मिनिटं.
दुसऱ्या दिवशी तेहेतीस.
पाचव्या दिवशी पहाटे उठून
सगळे डबे पुसून पुन्हा ओळीत लावले,
आणि डॉक्टरांना सांगितलं, बरं चाललंय.

ओसवालांच्या दुकानाची हातबिलं
मी तीन-तीनदा बेरीज करून तपासते.
परवा खाली पाहिलं, कोपऱ्यात बारीक अक्षरात,
चू. भू. द्या. घ्या.
अकरा वर्षं ते तिथे होतं.
साखर, पोहे, शेंगदाणे, आणि हे.
याचे पैसेही लावत नव्हते.

आज कुलूप एकदाच ओढलं.
जिना उतरले. बसले बसमध्ये.
तळहातावर पितळेचा गारवा तसाच,
बोटं आपली आपण वळत होती.
नाशिक फाट्याला राहवेना, उतरले.
पलीकडच्या थांब्यावर घराकडची बस उभी होती,
दार उघडं, कंडक्टर हात हलवत,
"येताय का बाई?"
ती गेली.
दुसरी आली, तीही गेली.
घशाशी सगळं आलेलं, आणि मी तिथे एका खांबाला धरून,
खांब ओळंब्यात नव्हता, ते दिसत होतं.
मग अलीकडून भोसरीची आली.
चढले.

मस्टरवर माझ्या नावापुढे
लाल शाईत उशिराची खूण.
जरा तिरकी.
खाली माझी सही.