कार्ड

एकोणीस हजार साठले होते,
टॉवेलच्या डिझाइनांचे, दिवाळीपासून.
मे महिन्यात भर दुपारी
लॅपटॉप ओढणीत गुंडाळून नवी पेठेत गेले.
पारा चव्वेचाळीस, तोही सावलीतला.

अन्वर नदाफच्या दुकानात कूलर एकच,
तो त्यानं मशीनींकडं वळवलेला, गिऱ्हाइकांकडं नाही.
"काय होतंय?"
म्हटलं, थ्रीडी सोसत नाही याला.
एक खोली उभी करायची असते,
पलंग, पलंगावर चादर,
खिडकीतून चादरीवर पडलेलं ऊन.
कंपनीला फोटो हवा असतो, चादर विणायच्या आधी.
तर ऊन पलंगाच्या पायापर्यंत येतं
आणि तिथंच बसतं.
पंखा बोंबलतो. स्क्रीन काळी.
ग्राफिक्स कार्ड बदलून द्या. मोठं घाला.

त्यानं अकरा स्क्रू काढून चुंबकावर ठेवले,
खालचं झाकण उघडलं,
आणि हसला नाही. हे मला त्याचं आवडलं.
"हे बघा ताई, हे तुमचं कार्ड."
नखाहून थोडा मोठा काळा चौकोन,
आरशासारखा.
"डाग दिलाय बोर्डाला.
टेबलावरच्या कॉम्प्युटरला असतंय तसं
काढलं, घातलं, असलं नाही हे.
हे बदलायचं म्हणजे बोर्ड बदलायचा,
बोर्ड बदलायचा म्हणजे दुसरा लॅपटॉपच घ्यायचा की."
जरा थांबून म्हणाला,
"बाहेरून जोडायचं पण येतंय, डब्यात बसवून.
त्याला लागतंय ते भोक तुमच्याकडं नाही."

मी पर्सवर हात ठेवून बसून राहिले.

मग त्यानं चिमट्यानं पंख्यातून काहीतरी ओढलं.
ते येतच राहिलं,
करडं, मऊ, वीतभर.
"घरात माग आहे?"
होता, म्हटलं. शेजारी आहेत अजून आठ,
रात्रपाळीलाही चालतात.
"आमचा आजा पिंजारी," तो म्हणाला,
"कापूस ओळखायला मला भिंग लागत नाही."
नवी पेस्ट लावली, पंखा फुंकला,
साडेतीनशे घेतले.
बाकीचे घरी जशेच्या तसे परत.

नायनांनी दारातच विचारलं, "बदललं कार्ड?"
नाही बदलत ते. चिकटवलेलं असतं.
त्यांना काही हे पटेना.
अडतीस वर्षं त्यांनी जकार्डची कार्डं पाडलेली,
पुठ्ठ्याला एक एक भोक मोजून.
मागाच्या डोक्यावरून एक माळ उतरवायची,
दुसरी चढवायची.
माग तोच, सूत तेच, विणणारा तोच,
सकाळी मोर, रात्रपाळीला कमळ.
"चिकटवून कोण ठेवतं?" म्हणाले.
"जन्मभर एकच मोर विणायचाय का?"
हे त्या लॅपटॉपवाल्या कंपनीला विचारायला हवं होतं.
पण कस्टमर केअरला फोन लावला की
आधी भाषा निवडा म्हणतात,
आणि नायनांची त्यात नसते.

रात्री माळ्यावरून एक गठ्ठा ओढला.
दोऱ्या कुजलेल्या, हातात आल्या.
पाच-सहा कार्डं एकावर एक,
लॅपटॉपच्या चारी कोपऱ्यांखाली,
खालून वारा खेळावा म्हणून.
शहाण्णव अंशांचे ब्याऐंशी झाले.
ऊन पलंगाच्या पायावरून हललं,
कुरकुरत चादरीवर चढलं.
उशीच्या काठाला पोचायला वीस मिनिटं लागली.
शेजारचे माग चालूच होते.

नायना पाणी प्यायला उठले.
टेबलापाशी थांबले, वाकले.
चष्मा नव्हता. बोटाचं टोक
भोकांवरून सावकाश फिरवलं.
"हे मोराचे पाय," म्हणाले.
"मान माळ्यावरच राहिली बघ."