साडेसोळा फेरे

माझ्या फेरीत गुरुवारानंतर शनिवार येतो,
शनिवारानंतर मंगळवार,
सोमवार चढावर, म्हणून सगळ्यांत शेवटी.
बावीस वर्षं सायकलच्या दांडीला लोखंडी चावी बांधून
साताऱ्याच्या पेठा मी याच क्रमानं उघडल्या.
आता चावी खोलीच्या कोपऱ्यात उभी आहे
(पोराला गोदामातली नवी दिली),
आणि आज वार कुठला, ते मला शालनला विचारावं लागतं.
ती दाराबाहेरून सांगते. ताट ठेवते. जाते.

पहिला अर्ज तिनंच लिहिला, मी उशीवरून सांगितला.
विषय : चौदा दिवस आजारी रजा मिळणेबाबत.
कारण?
सगळ्यांचं लिहितात तेच लिही, म्हटलं.
सही माझी.
'सर्जेराव' लिहिताना रफारापाशी थांबून
एक श्वास घ्यावा लागला, मग 'राव'.

सहाव्या दिवशी धैर्यशीलचा फोन,
बदलीवरचं पोरगं, अजून मिशी फुटायचीय.
"काका, गुरुवारातला वॉल्व्ह किती फेरे?
वरच्या आळीतल्या बायका भांडायला आल्यात."
मी तोंड उघडलं आणि आकडा नव्हता.
गॅसचा नंबर होता, पोरीची जन्मवेळ होती,
तेवढा एक आकडा नव्हता.
तो हातांत असणार,
आणि हात चादरीवर पडले होते, दुसऱ्याचे असावेत तसे.
"फोन खाली धर, झाकणापाशी. आणि फिरव."
आधी नुसतं लोखंड किरकिरलं.
मग खोल कुठंतरी घरघर;
पाइपातली की माझ्या छातीतली, ते कळेना.
"अजून. अजून. हळू, मुडद्या.
थांब. अर्धा मागं घे."
पाणी सरळ चालू लागलं.
"साडेसोळा," तो म्हणाला, "मोजले मी."
बोटाच्या चिमट्यात ब्याण्णव दिसत होते.

चिमणपुऱ्यात पाणी पावणेसहाला येतं,
हे मी शेकडो लोकांना सांगितलं असेल.
पाहिलं नव्हतं कधी. त्या वेळी मी रविवारात असायचो.
पंधराव्या दिवशी उंबऱ्यात खुर्ची टाकून बसलो, तोंडाला पट्टी लावून.
नळ आधी खोकला,
माझ्यासारखाच, कोरडा, तीनदा,
मग थुंकला गढूळ, मग धार.
शालननं पदर खोचला. कळशी, हंडा, निळं पिंप,
एक पाय नळीवर, एक मोरीत.
भिंतीपलीकडून मुल्लाभाभी : आलं का?
आलं!
अख्खी गल्ली धावत होती,
कुणी दात घासता घासता, कुणी रडतं पोर कडेवर.
एवढी घाई असते मला ठाऊक नव्हतं.
राजवाड्याशी चहा घ्यायला मी कधी कधी
दहा मिनिटं सहज काढायचो.

डॉक्टरीणबाईंनी बोळात सहा मिनिटं चालायला लावलं.
चौथ्या मिनिटाला मी भिंत धरली,
धरली नाही असं दाखवायला तिच्यावरचं पोस्टर वाचू लागलो.
हात धुवा.
"अजून आठवडा," त्या म्हणाल्या.
मुकादम म्हणाला, "धडधाकट दिसतोयस की लेका,
सायकल सोड, गाडीवर बसून ये."

दुसरा अर्ज मी स्वतः लिहिला. पहिल्यापेक्षा अवघड गेला;
पहिल्या वेळी ताप होता, तो यंत्रात दिसायचा.
कारण : चावी फिरवताना श्वास पुरणार नाही.
खोडलं.
कारण : आकडे आठवत नाहीत.
तेही खोडलं, गिरबटून.
'अशक्तपणा' लिहिलं. तो ओळीत बसला.

आज पाच त्रेचाळीसला नळ खोकला.
दोन मिनिटं आधी. पोरगं शिकलं तर.
शालन झोपली होती, मोरीत बादली नव्हती,
पाणी फरशीवर पडत होतं.
मी उठलो, बादली सरकवली,
आणि भरलेली उचलायला
तिला हाक मारली.