चार बोटं

बाबा म्हणाले, तण पेरतेस.
जन्मभर रस्त्याकडेचं उपटलं मी ते,
आणि तू पोत्याने विकत आणतेस.
ऑक्टोबर होता. उताराचं ते आठ हेक्टर रान
माझ्या नावावर होऊन पंधरवडाही झाला नव्हता.

बी एवढंसं, की वाऱ्याकडे पाठ करून मोजावं लागलं.
नखाएवढं खोल, त्याच्या खाली नाही.
माती तळहाताला कोमट लागेपर्यंत थांबले होते,
मग रोलर फिरवला.
तेवढं त्यांनी पाहिलं असावं खिडकीतून,
काठी मांडीवर आडवी घेऊन.

मेरेआनाने पोत्यावरचं नाव वाचलं: पुना.
आमच्या भाषेत झरा, म्हणाली,
आणि पुन्हा कुंपणाची तार ताणू लागली.

सात पानं आल्याशिवाय मेंढ्या सोडायच्या नाहीत.
मी रांगत मोजत गेले:
सहा. सहा. पाच. सात. सहा.
शेजारचा क्लाइव्ह ट्रक थांबवून विचारत होता,
काही हरवलंय का?

फेब्रुवारीत वायरारापाच्या टेकड्या
मेंढ्यांच्याच रंगाच्या होतात,
लांबून कळत नाही कळप कुठला, उतार कुठला.
वायव्येचा वारा दार आपटत राहतो आठवडाभर.
राय गवत बुटाखाली मोडतं.
त्या वर्षी एवढं एकच रान हिरवं होतं,
दिवा मालवायला कुणी विसरल्यासारखं.

कोकरं आत शिरली आणि चरण्याचा आवाज बदलला.
कोरडी करकर गेली,
ओल्या कापडासारखी पानं फाटत होती.
गुरुवारी तराजू लावला.
आकडा मी दोनदा पुसून दोनदा लिहिला,
घरात मात्र सांगितला नाही.

त्याऐवजी एक झाड खणायला घेतलं.
फावडं संपलं, मूळ संपलं नाही.
कोपरापर्यंत हात घातला.
वर सगळी भेगाळलेली पांढरी माती,
खाली बोटांना गारवा.
तुटलं शेवटी. टोक तिथेच राहिलं.
उरलेलं आणून स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं,
चिखलासकट.

बाबांनी ते धुतलं, काही न बोलता.
चकत्या केल्या. लोखंडी तव्यावर भाजल्या
काळ्या होईतो, घर धुराने भरेतो.
त्यांची आई लढाईनंतरच्या वर्षांत
बाटलीतला चिकोरीचा अर्क कपात ओतायची,
कॉफी मिळायची नाही म्हणून.
हे मला तेव्हा कळलं, माझ्या चोपन्नाव्या वर्षी.
एक घोट घेतला. कडू आहे, म्हणाले.
मग कप पुढे केला. आणखी?

नियम एकच, बाकीचे त्यातून निघतात:
चार बोटं ठेवून मेंढरं बाहेर काढायची.
त्यांची भूक भागलेली नसते,
फाटकाशी तोंडं वळवून वळवून बघतात.
तरी काढायची.
चार बोटांच्या खालचं पिकाचं असतं.

आणि मीच मोडला तो.
जूनमधल्या त्या पुराच्या रात्री ओढा कुरणात शिरला,
गाभण मेंढ्या ठेवायला दुसरी उंच जागा नव्हती.
तीनशे मेंढ्या, बाराशे खूर, भिजलेली माती.
सकाळी झाडांचे शेंडे चिखलात रुतलेले,
मेंढ्या मात्र सगळ्या जिवंत.
कुठली चूक, कुठली नाही, अजून ठरत नाही.

वसंतात निम्मं रान आलं. मधे काटेरी तण.
एका कोपऱ्यात माझा हात पोचला नव्हता,
तिथे उंच दांडे चढले होते गेल्या उन्हाळ्यात,
दहापर्यंत उघडणारी, दुपारी मिटणारी निळी फुलं.
बाबा रोज न्याहारीआधी काठी टेकत तिथवर जायचे
आणि कुणी विचारलं तर
कुंपण बघायला गेलो होतो, म्हणायचे.

परवा ते रानाच्या मधोमध वाकले.
हात पानांशेजारी उभा धरला.
बोटं थरथरत होती, त्यामुळे
कधी चार भरायची, कधी तीन.
इथे पातळ आहे, म्हणाले. पुन्हा पेर.
मग मला हात मागितला, उठायला.