ओटीपी

निषादच्या अर्जांचे ओटीपी
माझ्या फोनवर यायचे.
मी दुकमला, साइटवर.
तो मस्कतला, रुवीच्या फ्लॅटमध्ये.
मध्ये सहा तासांचा सरळसोट रस्ता
आणि वाळू.

"बाबा, पटकन. तीसच सेकंद आहेत."
हातमोजा दातांनी ओढून मी वाचायचो,
चार, शून्य, नऊ, नऊ…
एरवीही आमचं बोलणं
याहून फार लांबत नसे.

कुठलं कॉलेज, ते वैजूकडून कळायचं.
आधी पुणे, मग मणिपाल,
मग एके दिवशी एकदम डब्लिन.
निबंधात काय लिहिलंयस, विचारलं
तर म्हणाला, "तू बोअर होशील."
झालो नसतो.

एकदा मुद्दामच रेंगाळत वाचला आकडा.
वेळ संपली. दुसरा मागवावा लागला.
तो येईपर्यंत विचारून घेतलं,
जेवलास का?

रजेवर घरी गेलो
तर त्याने स्वतःचं सिम घेतलेलं.
"आता तुला त्रास नाही, बाबा."
एसीखालची बादली काठोकाठ आली होती,
न सांगता उचलली,
थेंबही न सांडता मोरीत ओतून आला.
वैजू माझ्याकडे बघत राहिली.
मी म्हटलं, छान.

आता कॅम्पवर रात्री फोन किणकिणतो
तो बँकेचा, नाहीतर पिझ्झावाल्यांचा.
त्याचा शेवटचा मेसेज तेवढा
मी खोडलेला नाही.
सहा आकडे, कधीच बाद झालेले,
आणि खाली बारीक अक्षरांत,
हा कोड कोणालाही सांगू नका.

सांगितला होता की,
भर वाऱ्यात, ओरडून.